कमी-जास्तची पट्टी

अक्कानं कानातलं यंत्र काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्या नातीच्या तळहातावर ठेवलं. मग तिची मूठ आपल्या हातानं मिटवली आणि म्हणाली, "बाय, माले बहिरीच ऱ्हाऊ दे."

खाटेवर तिचा मुलगा बसला होता. दीपनगरहून सकाळीच मुद्दाम आला होता. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "झालं मग," तो म्हणाला. "मावशी, आता तू मध्ये पडू नको. दिवाळी झाली की मी तिला घेऊन जातो."

हे अक्काला ऐकू गेलं नाही, पण कळलं. बहिऱ्या माणसाला आपल्याबद्दल बोललेलं बरोबर कळतं. ती उठली आणि परसात जाऊन वाळत घातलेले कपडे काढू लागली. ते अजून ओले होते.

अक्का माझी सख्खी मोठी बहीण. भडगावात नवऱ्याच्या मागं त्याच्या घरात एकटी राहते. दोन खोल्या, परसात कढीपत्ता आणि एक न फळणारा पेरू. लग्नाआधी आम्ही दोघी जिनिंगमध्ये कामाला होतो. कापसातून सरकी काढणारी यंत्रं दिवसभर चालायची आणि त्यांच्या बाजूला उभं राहून बोलायचं म्हणजे ओठांकडे बघूनच बोलायचं. मी लवकर सुटले, माझा एकच कान अधू झाला. ती बरीच वर्षं राहिली, तिचे दोन्ही गेले. एकदम गेले नाहीत. आधी पाखरं गेली, मग दाराची कडी, मग माणसं.

यंत्र आणलं त्याच वर्षी एकदा तिनं गॅसवर दूध ठेवलं आणि दाराशी शेंगा सोलत बसली. दूध उतू जाऊन गॅस विझला. शेजारीण दारातून ओरडत होती, हिला पत्ता नाही. शेवटी शेजारीण हिला ओलांडून आत शिरली आणि तिनं शेगडी बंद केली. ही गोष्ट दीपनगरला पोचली आणि भाच्यानं ठरवलं की आई आता एकटी राहणार नाही. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याची बायको चांगली आहे, वीज केंद्राच्या वसाहतीतलं क्वार्टर मोठं आहे. पण अक्काला तिथं करमत नाही. तिथं सगळे हळू बोलतात, असं ती म्हणते. खरं म्हणजे सगळीकडे सगळे हळूच बोलतात तिच्या लेखी. पण भडगावात कोण काय म्हणत असेल हे तिला न ऐकताही ठाऊक असतं. दीपनगरात ते नसतं.

म्हणून ठरलं असं होतं: यंत्र लागलं आणि ऐकू आलं, तर अक्का आपल्या घरात राहील. नाही तर दिवाळीनंतर दीपनगर.

आणि यंत्र तर लागलं होतं.

ते माझ्या नातीनंच आणलं होतं. ती माझ्या मुलाची मुलगी. आम्ही धुळ्याला राहतो, ती जळगावला शिकते आणि सुट्टीला घरी येते. तिथं तिचे एक सर म्हाताऱ्या माणसांसाठी कानाची यंत्रं तयार करतात. यंत्र साधं असतं, पण आत आवाज कसा गाळायचा, किती ठेवायचा, किती कापायचा, हे ठरवावं लागतं. त्यांच्याकडे असे तीन प्रकार होते. तिन्हींतला कोणता आमच्या भागातल्या माणसांना चांगला समजतो, हे पोरीनं शोधून काढायचं होतं. त्यासाठी तिनं माणसं बसवून, त्यांना ऐकवून, विचारायचं होतं. ज्या प्रकाराला जास्त मतं, तो सगळ्या यंत्रांत घालायचा. पहिलं यंत्र अक्काला, कारण अक्का घरची. बाकीची मागून तालुक्यांच्या गावी जाणार होती.

ती माणसं बसवली आमच्याच गल्लीत. शाळेची एक खोली रविवारी उघडून घेतली. मी बायका गोळा केल्या. ज्यांना ऐकू कमी येतं अशाच हव्या होत्या, आणि त्यात काही अडचण आली नाही. कोपऱ्यावरचे पिंजारी चाचाही आले. ते गाद्या पिंजून भरतात. मशीन आली तेव्हापासून त्यांचे कान आमच्यासारखेच.

पोरीनं प्रत्येकाच्या डोक्याला हेडफोन लावायचे आणि पुढं टॅब ठेवायचा. साक्रीकडच्या एका मुलीनं आमच्या बोलीत काही वाक्यं बोलून दिली होती. भाकर खादी का, दार लाव, कुत्रं यी ऱ्हायनं, अशी घरातली. तीच वाक्यं तिन्ही प्रकारांतून ऐकवायची. प्रत्येक वाक्यानंतर टॅबवर एक आडवी पट्टी यायची, पट्टीच्या मधोमध एक गोल गोटी. गोटी बोटानं सरकवायची. पोर तिला स्लायडर म्हणायची, बायका गोटीच म्हणायच्या. पट्टीच्या डाव्या टोकाला लिहिलं होतं 'कमी' आणि उजव्या टोकाला 'जास्त'. वर बारीक अक्षरात 'स्पष्टता' असं होतं, ते कुणी वाचलं नाही.

मी पण बसले होते. पहिल्या प्रकारात ती मुलगी गोधडीखालून बोलल्यासारखी वाटली. मी गोटी उजवीकडे ढकलली. आवाज काही वाढला नाही. आणखी ढकलली, पार टोकाला. नाहीच. मी पुढचं बटण दाबलं. दुसऱ्याचा मला काही धड पत्ता लागला नाही, कानात नुसतं किणकिणलं. तिसऱ्यात तीच मुलगी शेजारी बसून बोलते तशी बोलली. मग गोटीला कशाला हात लावायचा? ती होती तिथंच राहू दिली. एका वाक्याला आवाज जरा जोरात वाटला, तेव्हा थोडी मागं ओढली.

बाहेर आल्यावर मी कुणाला काही बोलले नाही. पोरीचं यंत्र बिघडलंय हे चारचौघींत कशाला सांगायचं.

संध्याकाळी पोरीनं लॅपटॉपवर सगळ्यांच्या गोट्या मोजल्या. पहिला प्रकार फार पुढं होता. तिसरा मागं. ती जरा चक्रावली, कारण तिला स्वतःला तिसरा आवडला होता. तिनं मला तसं सांगितलंही. पण मग म्हणाली, आजी, माझे कान चांगले आहेत, माझ्या आवडीला काय किंमत? ज्यांचे गेले त्यांनी सांगितलंय, त्यांचं खरं. सरांचंही तेच म्हणणं पडलं. म्हाताऱ्या कानांना मऊ आवाज बरा वाटत असेल, असं त्यांनी धरलं. आणि पहिला प्रकार यंत्रात घालून आम्ही भडगावला गेलो.

तिथं काय झालं ते वर लिहिलंच आहे. अक्का यंत्र लावून दहा-पंधरा मिनिटं बसली. आम्ही बोललो. पोरीनं आवाज वाढवला, पुन्हा बोललो. अक्का आमच्या तोंडाकडे बघत राहिली. तोंडात कापूस भरून बोलतात बठ्ठे, असं म्हणाली, आणि यंत्र काढलं.

परतीच्या एसटीत पोर खिडकीकडे तोंड करून बसली होती. पारोळा आलं तेव्हा माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "आजी, सगळ्यांनी त्यालाच जास्त दिलं होतं. मी काय चुकले?"

मी म्हटलं, मला काय माहीत. खरंच माहीत नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी ती घरी जेवत बसली होती. कळण्याची भाकर केली होती, वर ठेचा. दारात चाचांची हातगाडी थांबली. थंडीच्या आधी आमच्या दोन गाद्या पिंजायला दिल्या होत्या, त्या घेऊन आले होते. गाद्या ओट्यावर टाकून ते उंबऱ्यात टेकले आणि मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पोरीला विचारलं, "बेटी, वो तेरा डबा दुरुस्त हुआ क्या?"

"कोणता डबा, चाचा?"

"वोच, जिस पे आवाज सुनाई थी तूने. गोटी तो बराबर सरकती थी, पर आवाज बढ़ताच नहीं था. मैं पूरा 'जास्त' तक ले गया. फिर भी उतना का उतनाच."

पोरीच्या हातातला घास हातातच राहिला. तिनं विचारलं, मग तेव्हा का नाही सांगितलं?

"सब लोगां बैठे थे. पोरगी की मशीन बिगडी बोलके कैसे बोलता? तेरेको बुरा लगता."

पोरीनं माझ्याकडे मान वळवली. "आजी, तू पण?"

"मी पण," म्हटलं. "तूच लिहिलं होतंस ना, इकडे कमी, तिकडे जास्त. चौथीपर्यंत शिकले मी. तेवढं वाचता येतं."

ती आधी हसली. मग हसता हसता तिला सगळं एकदम दिसलं. आमच्या घरात, आमच्या गल्लीत, टीव्ही असो, रेडिओ असो, 'कमी कर', 'जास्त कर' हे आवाजाचंच म्हणतात. दुसऱ्या कशाचं नाही. तिनं आवाजाखाली पट्टी ठेवली आणि पट्टीला कमी-जास्त लिहिलं. आम्ही सगळ्यांनी आवाज वाढवला. जे धड ऐकू येत नव्हतं त्याला सगळ्यात जास्त वाढवला. जे नीट ऐकू आलं ते तसंच सोडलं. आणि लॅपटॉपनं वाढवलेल्याला मत समजून मोजलं. म्हणजे जो प्रकार सगळ्यात वाईट, तोच पहिला आला. तोच अक्काच्या कानात घातला.

चाचांना हे सगळं समजावून सांगायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली आणि म्हणाले, मग आम्ही सगळ्यांनी मिळून तुझ्या अक्काला फसवलं की. असं म्हणून ते गाडी घेऊन गेले. गाद्या घालायच्या राहिल्या, त्या मी ओढत आत नेल्या. ते त्या दिवशी आले नसते, किंवा आले असते आणि भिडेखातर गप्पच राहिले असते, तर पुढचं काहीच झालं नसतं. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पुढच्या वेळी गादीचे पैसे घेतले नसते.

पोरीनं त्याच दुपारी सरांना फोन लावला. मला वाटलं रागावतील. सरांनी आकडे पुढच्या यंत्रांसाठी पाठवूनही दिले होते. फोन स्पीकरवर होता, मी ऐकत होते. सरांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, चुकीचं लवकर देण्यात काय अर्थ आहे, पट्टी नव्याने कर आणि पुन्हा बसव माणसं. पाठवलेलं मी परत मागवतो. एवढंच. त्या माणसाला मी एकदाच जळगावात पाहिलं, नंतर, आणि तेव्हा त्यांना बोरं नेली होती. दुसरं काय नेणार.

मग आमच्या स्वयंपाकघरात ती पट्टी नव्याने तयार झाली. पोर फरशीवर लॅपटॉप घेऊन बसायची, मी माझं काम करायचे, आणि ती पट्टी बदलून बदलून माझ्यापुढं धरायची. कुणी आली दारात तर तिच्यापुढंही.

पहिल्यांदा तिनं कमी-जास्त काढून 'वाईट' आणि 'चांगला' लिहिलं. शेजारच्या वहिनींनी ऐकलं आणि प्रत्येक वेळी गोटी चांगल्याच्या टोकाला नेली. का, तर म्हणे ती पोरगी बिचारी इतकं गोड बोलते, तिला वाईट कोणत्या तोंडानं म्हणू? पोरीनं त्यांना सांगितलं की बोलणाऱ्या मुलीला नाही, यंत्राला नाव ठेवायचं आहे. वहिनी म्हणाल्या, पण बोलतेय तर मुलगीच.

मग तिनं गोटीच्या वर आकडा ठेवला, शून्य ते शंभर. तो माझ्यावर करून पाहिला. मी अगदी खराब आवाजालाही पस्तिसाच्या खाली जाईना. तिनं कारण विचारलं. मी म्हटलं, पस्तिसाला पास असतं. उगाच कुणाला नापास कशाला करू? तिनं कपाळाला हात लावला. माझ्या मुलाचे निकाल बघूनच माझं आयुष्य गेलं, पस्तीस हा आकडा माझ्या डोळ्यांना वेगळा दिसतो. गल्लीतल्या सगळ्याच आयांना दिसत असेल. आकडे गेले. आत मोजले जातात, आम्हाला दिसत नाहीत.

गोटीचंही होतं. ती आधीच मधोमध बसलेली असायची. जिला काही कळलं नाही ती तिला हात न लावता पुढं जायची, आणि लॅपटॉप धरून चालायचा की हिचं मत मधलं आहे. म्हणून पोरीनं सुरुवातीला गोटीच ठेवली नाही. नुसती रिकामी पट्टी. जिथं बोट ठेवाल तिथं गोटी उगवायची, आणि ती उगवल्याशिवाय पुढचं बटण चालायचं नाही. यावर दोन बायका घाबरल्या, गोटी हरवली म्हणून. तेव्हा वर मोठ्या अक्षरांत 'पट्टीवर बोट ठेवा' असं आलं. आणि आवाज वाढवायचं वेगळं केलं. सुरुवातीलाच एकदा, भोंग्याचं चित्र, अधिक आणि वजाची दोन जाड बटणं. हवा तेवढा वाढवून घ्या, मग तो पडदा बंद. पट्टी येईल तेव्हा तिचा आवाजाशी काही संबंध नाही.

बोटांचा घोळ कुणाच्याच लक्षात आला नव्हता. आमची बोटं इतकी घासलेली की त्या काचेला ती पुष्कळदा कळतच नाहीत. मी बोट जिभेला लावून ठेवलं, लगेच कळलं. पोर म्हणाली, आजी, शी, शंभर जणी त्याच काचेला बोट लावणार. मग एका वाटीत पाणी आणि शेजारी नॅपकिन ठेवायचं ठरलं.

राहिले ते शब्द. पट्टीच्या टोकांना काय लिहायचं. यावर आमचे सगळ्यात जास्त वाद झाले. ती छापील शब्द आणायची आणि मी नाही म्हणायचे. एकदा वैतागून तिनं विचारलं, "बरं, तुला नीट ऐकू आलं की तू काय म्हणतेस?"

"मी काहीच म्हणत नाही. ऐकू आलं तर उत्तर देते."

"आणि नाही आलं तर?"

"तर 'काय?' म्हणते."

त्यावर तिनं लॅपटॉप पुन्हा पुढं ओढला. शेवटी तिनं चांगलं-वाईट, कमी-जास्त सगळं टाकून दिलं आणि समजण्यावर आली. डाव्या टोकाला 'काहीच नई समजनं' आणि उजव्या टोकाला 'बठ्ठं समजनं', म्हणजे सगळं समजलं. वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेच शब्द साक्रीच्या मुलीच्या आवाजात, टोकाला बोट लावलं की बोलणारे. सरांनी फोनवर विचारलं की यावल-रावेरकडची माणसं याला हसणार नाहीत का, त्यांची बोली वेगळी. पोर म्हणाली, त्यांची पट्टी त्यांच्या बोलीत करू. ते बरं म्हणाले.

आता अक्काला आणायचं होतं. पहिल्या वेळी ती नव्हती, कारण तिला यंत्रच मिळणार होतं. या वेळी मला ती हवी होती. मी एकटीच भडगावला गेले. ती चुलीशेजारी बसली होती. गॅस भाच्यानं बंद करून ठेवला होता आणि तिनं परसातली जुनी चूल आत आणली होती. एका कोपऱ्यात कापडी पिशवी भरलेली दिसली. मी पिशवीकडे बोट दाखवलं. तिनं मान फिरवली.

मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि धुळ्याला चल म्हणून सांगितलं. पुन्हा ते कानात घालणार नाही, असं तिनं हातानंच सांगितलं. मी म्हटलं, घालायचं नाही. नुसतं ऐकायचं आणि वाईट असेल तर वाईट म्हणायचं.

"शिव्या देवाले चाल," मी ओरडून सांगितलं.

तेवढं तिला ऐकू गेलं. ती उठली आणि पातळ बदललं.

त्या रविवारी शाळेच्या खोलीत वाटीत पाणी होतं, नॅपकिन होता, आणि पहिल्या वेळच्याच बायका होत्या. चाचा सगळ्यात आधी येऊन बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होते की ही गोटी आवाजाची नाही. पोरीनं त्यांना हळूच गप्प केलं. असं आधी शिकवून ठेवलं की मत खरं येत नाही, म्हणे.

अक्काची पाळी आली. पोरीनं तिला हेडफोन लावले आणि भोंग्याच्या बटणांनी तिला पाहिजे तेवढा आवाज करून घेतला. तो फार होता, मला बाहेर ऐकू येत होता. मग पहिला प्रकार. वाक्य संपायच्या आत अक्कानं बोट ओलं केलं आणि डाव्या टोकाला ठेवलं, असं ठेवलं की काच हलली. दुसऱ्याला जरा पुढं. मग पुन्हा पहिला, पुन्हा डावं टोक. प्रकार उलटसुलट येत होते, कोणता कधी येईल हे पोरीलाही ठाऊक नसावं अशी सोय होती.

मग तिसरा आला. त्या साक्रीच्या मुलीनं विचारलं, गिरनाले पानी उनं का? गिरणा नदीला पाणी आलं का, असं.

अक्कानं पट्टीला हात लावला नाही. ती समोर भिंतीकडे बघत होती. तिथंच बघत म्हणाली, "नई उनं आजून."

आणि मग आमच्या तोंडाकडे बघायला लागली, की प्रश्न कुणी विचारला.

पोरीनं तिच्या हाताला स्पर्श करून पट्टी दाखवली. अक्कानं बोट पाण्यात बुडवलं, पट्टीवर ठेवलं आणि उजवीकडे ओढत नेलं, बठ्ठं समजनंच्याही पुढं, काचेच्या कडेवरून खाली बाकापर्यंत. पोर टॅब तसाच ठेवून व्हरांड्यात गेली. वायर बघते म्हणाली. वायर आतच होती.

या वेळी मोजलं तेव्हा तिसरा प्रकार वर होता. अगदी सगळ्यांनी काही त्यालाच दिलं नव्हतं. वहिनींनी सगळ्यांना बठ्ठं समजनं दिलं, त्या कुणाला दुखवत नाहीत. पण पट्टी बरोबर होती.

दिवाळीच्या आधी आम्ही पुन्हा भडगावला गेलो. भाचाही आला होता. त्यानं तिकडे आईसाठी एक खोली रिकामी करून रंग दिला होता, हे त्यानं मला येताच सांगितलं. पिशवी कोपऱ्यात तशीच होती. पोरीनं यंत्रात तिसरा प्रकार घातला होता. अक्का नाही नाही म्हणत खाटेवर बसली आणि कान पुढं केला. यंत्र घातल्यावर ती इकडेतिकडे बघू लागली. छताकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. पंखा कुरकुरत होता, तो वर्षानुवर्षं कुरकुरत असेल.

भाचा तिच्या मागं दारात उभा होता. त्यानं आवाज चढवला नाही. आपल्या घरात बोलतो तसं सहज म्हणाला, "आई, चहा टाक."

"साखर नई शे घरमा," अक्का मागं न बघता म्हणाली. "लई ये."

तो चप्पल घालून साखर आणायला गेला. आला तेव्हा अक्कानं त्याला सुनावलं, एवढा वेळ लागतो का. चहा झाला. त्यानं जाताना गॅस पुन्हा सुरू करून दिला आणि कोपऱ्यातली पिशवी उचलून कपाटावर ठेवली. दीपनगरची खोली रंग दिलेली आहे, अक्का सणाला जाऊन राहते आणि परत येते.

यंत्र म्हणजे चमत्कार नाही. लग्नाच्या वरातीत ती ते काढून ठेवते. बॅटरी संपली की मला शिव्या देते, पोरीला देत नाही. दोन माणसं एकदम बोलली तर अजूनही गोंधळते. पण दूध उतू जायला लागलं की ती उठते, आणि मी फोन केला की उचलते, हे मला पुष्कळ आहे. गल्लीतल्या बायकांनाही यंत्रं मिळाली. चाचांनाही मिळालं, ते गाद्या पिंजताना काढून खिशात ठेवतात.

मला आभार मानता येत नाहीत. तोंडावर बोललं की खोटं वाटतं. पण इथं लिहिते की पोरीनं आपलं चुकलं हे कळल्यावर आमच्यावर ढकललं नाही. म्हाताऱ्यांना अक्कल नाही, असं म्हणून ती मोकळी झाली असती, आणि कुणी तिला काही विचारलं नसतं. तिनं पट्टी बदलली. सरांनी तिला बदलू दिली. चाचा भीड सोडून बोलले. आणि अक्का दुसऱ्यांदा येऊन बसली, हे मी तिच्या जागी असते तर केलं नसतं.

यंत्र मुठीत मिटवून परत दिलं त्या दिवशी भडगावच्या त्या खोलीत अक्का होती, तिचा मुलगा होता, नात होती आणि मी होते. चौघंही आजही एकमेकांना धरून आहोत. अक्का आपल्या घरात आहे.